माझ्या गुडघ्याची तारीख

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर २०२० सालचं कालनिर्णय अगदी परवापरवापर्यंत लटकत होतं. दर दिवाळीच्या साफसफाईत सूनबाई ते काढायला हात घालायची आणि मी म्हणायची, "राहू दे गं." मार्चचं पान वर. पंचवीस तारखेला गुढीपाडवा आणि सत्तावीस तारखेच्या, शुक्रवारच्या चौकटीत ह्यांच्या अक्षरात निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, 'गुडघा'. दुधाच्या रतिबाचे आकडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्यांच्याच रांगेत माझा गुडघा!

त्या दिवशी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. सांधा बदलण्याचं. ते झालं, पण किती तारखा उलटल्यावर झालं आणि मधल्या काळात माझं काय झालं, ते सांगायला आज बसले आहे. आमच्या वैरागात, आणि तुमच्याही गावात, भिंतीला धरून चालणाऱ्या बाया काही कमी नाहीत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. शिकवलं म्हणजे उभं राहूनच. पहिलीच्या वर्गात खुर्चीवर बसून राहणाऱ्या बाईंकडं पोरं बघतसुद्धा नाहीत. घरी आलं की खाली बसून भाकरी. आमचा सगळा ज्वारीचा मुलूख, चपाती पाहुण्यारावळ्यांना. काठवटीपुढं एक पाय दुमडून, एक गुडघा उभा करून बसायचं आणि माणसं मोजून भाकरी थापायच्या. सणावाराला कडक भाकरीही घरच्याच. घरात उभा ओटा आला २००९ साली. तोवर गुडघ्यानं आपला हिशोब मांडून ठेवला होता.

पहिल्यांदा खरं दुखलं ते तुळजापूरला. आमचं कुलदैवत तिथलं. आई भवानीचं देऊळ खोलगट जागेत आहे, दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. नोकरीच्या सुरुवातीला सोलापूरजवळ होते तेव्हा कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांत मी दोनदा गेलेली बाई. पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर. आणि २०१२ च्या नवरात्रात त्याच देवळाच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर गुडघ्यातून अशी कळ गेली की ओटीचं ताट हातातून सुटता सुटता राहिलं. चढताना एवढं दुखत नाही, उतरताना दुखतं. पुढं डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

२०१४ मध्ये बार्शीला जाऊन एक्स-रे काढला. उभं करून काढतात, म्हणजे अंगाचा भार पडल्यावर दोन हाडांत जागा किती उरते ते दिसतं. माझ्या गुडघ्यात आतल्या बाजूला जागाच उरली नव्हती. मधली कूर्चा, ज्याला आपण गादी म्हणतो, ती झिजून हाड हाडाला टेकत होतं. पाय धनुष्यासारखे बाहेरच्या बाजूला वाकायला लागले होते ते त्यामुळंच. पाळी गेल्यानंतर बायकांत हे दुखणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, हे तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, गोळ्या देतो, व्यायाम सांगतो, वजन उतरवा. पण आज ना उद्या सांधा बदलावा लागेल."

'आज ना उद्या' मधला 'उद्या' मी घेतला.

कारणं सांगते, हसू नका. २०१५ साली मी रिटायर झाले, त्याच वर्षी लेकीचं लग्न. पुढच्या वर्षी तिचं बाळंतपण, पहिलं, म्हणजे आमच्याकडं. मग मुलाचं लग्न. मग सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना उचलणं, कूस बदलणं, सगळं माझ्याच ह्या दोन गुडघ्यांवर. २०१८ चा पावसाळा कोरडा गेला, बोअर आटलं आणि टँकरच्या पाण्याच्या घागरी दारातून आत आणायच्या होत्या. कुणी मला 'ऑपरेशन करू नकोस' म्हटलं नव्हतं हो! आमचे हे तर एसटीत कंडक्टर होते, माणूस शिस्तीचा, दर वर्षी विचारायचे, "कधी करायचं?" मीच म्हणायची, "एवढं होऊन जाऊ दे." मोठ्या जाऊबाई तर म्हणायच्या, "आगं बया, गुडघं काय कुणाचं दुखत न्हाईत? म्हातारपण म्हंत्यात त्याला. आमच्या सासूनं काय आपरेशनं केली व्हती व्हय?" सासूनं केलं नव्हतं हे खरं. सासूबाई शेवटची दहा वर्षं बसून बसून सरकायच्या हेही तितकंच खरं.

पैशाचाही प्रश्न होता, तो लपवत नाही. आधी नुसत्या बसवायच्या सांध्याचीच किंमत दीड लाखाच्या आसपास लावली जायची, हॉस्पिटलचं बिल निराळं. १६ ऑगस्ट २०१७ ला केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं ह्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये, वर जीएसटी. ह्यांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली होती. मर्यादा सांध्यावर आली, ऑपरेशनच्या एकूण खर्चावर नाही, हे आम्हाला चौकशी करायला गेल्यावर कळलं, तरी आकडा पेन्शनीच्या आवाक्यात आला. गरीब घरांसाठी सरकारी आरोग्य योजना होतीच. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर होता. २०१७ पासून ती महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. आमचं कार्ड पांढरं, तेव्हा आम्ही त्यात बसत नव्हतो. पण तुमच्यापैकी कुणाला विचारायचं असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो. आपलं ऑपरेशन कुठं आणि कसं बसतं हे त्यालाच समोरासमोर विचारावं, शेजारणीला नाही.

हे ऑपरेशन म्हणजे काय याची आमच्या शिक्षकांच्या खोलीत पहिल्यांदा चर्चा झाली ती अटलबिहारी वाजपेयींमुळं. २००० च्या सप्टेंबरात पंतप्रधान म्हणून ते अमेरिकेला जाऊन आले, ऑक्टोबरात मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलात त्यांचा डावा गुडघा बदलला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा. ऑपरेशन करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. जन्मानं आपल्याकडचेच. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कला ज्या तिघांनी आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ साचा तयार केला त्यातले हे एक. गुडघा काढून दुसरा बसवतात असं मला वाटायचं. तसं नसतं. दोन्ही हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर कापतात आणि दाताला कॅप बसवतात तशी धातूची टोपी बसवतात, मध्ये चिवट प्लास्टिकची गादी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे असे शंभरातले सुमारे ८२ सांधे पंचवीस वर्षं टिकतात. मी साठी ओलांडलेली. मला पुरे होते.

२०१९ मध्ये सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धापर्यंत थांबावं असं पुन्हा माझ्या मनात आलं, पण ह्या खेपेला मुलगाच पुण्याहून येऊन बसला. फेब्रुवारीत सोलापूरला सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाची इको, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा. दातांचं काय काम म्हणून मी विचारलं, तर कळलं की किडलेला दात, लघवीतला जंतुसंसर्ग, पायावरचा फोड, असं कुठूनही जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो आणि मग तो सांधा काढावा लागण्याची वेळ येते. सगळं ठीक निघालं. तारीख ठरली, पाडवा झाला की सत्तावीस मार्च.

आता हे पुरुषांना कळत नाही, तुम्हाला कळेल. बाईचं ऑपरेशन म्हणजे ऑपरेशनच्या आधी महिनाभर काम. मी मेतकूट, शेंगाचटणी, काळं तिखट करून डबे भरले. ज्वारी निवडून ठेवली. धाकट्या बहिणीला दीड महिन्यासाठी बोलावलं, तिनं तिच्या घरची व्यवस्था लावली. लेकीनं शाळा बघून यायचं ठरवलं. पलंग पुढच्या खोलीत आणला. न्हाणीत कठडा बसवून घेतला. देवपूजा कोण करणार, मांजराला दूध कोण घालणार, तेही ठरलं.

वीस मार्चला दिल्लीहून आरोग्य मंत्रालयाची सूचना निघाली, तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढं ढकला. बावीसला जनता कर्फ्यू. तेवीसला हॉस्पिटलातून फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती बिचारी. "मावशी, तुमचं ऐच्छिक आहे ना, मग ते सध्या होल्डवर ठेवलंय."

ऐच्छिक! शाळेत आम्ही ऐच्छिक विषय म्हणायचो चित्रकलेला. घेतला तर घेतला. रात्री तीन वेळा ठणक्यानं उठून बसणारी मी, आणि माझा गुडघा ऐच्छिक. डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ 'ठरवून करायचं, आज न केल्यास जीव जाणार नाही' एवढाच, हे मला पुढं समजलं. पण त्या दिवशी तो शब्द मला लागला तो लागलाच.

माझ्या एकटीवर आलं नव्हतं. त्या मे महिन्यात शल्यविशारदांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं अंदाज बांधला की, साथीच्या ऐन बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढं जातील, आणि त्यांत सगळ्यांत जास्त, ६३ लाखांच्या घरात, हाडांची. भारतातला आकडा पाच लाखांच्या वर होता. मुलानं फोनवर हे वाचून दाखवलं, मला बरं वाटावं म्हणून. मला काही बरं वाटलं नाही. ६३ लाख लोकांचं दुखणं माझ्या दुखण्यातून वजा होत नाही.

पहिले दोन-तीन महिने तरी सगळं जगच थांबलेलं. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या, पंढरपुरात संचारबंदी. विठोबाला थांबावं लागलं तिथं मी कोण, असं म्हणून मी स्वतःला समजावलं. नवरात्रात तुळजापूरचं देऊळ बंद. देवीची ओटी घरातच भरली. मनात एक पाप आलं, ते सांगते. बंद आहे तेच बरं, निदान मला उतरता येत नाही हे कुणाला दिसणार नाही.

खरा त्रास निराळाच होता. लिहू की नको असं वाटतं, पण बायकांच्या पुरवणीत नाही लिहायचं तर कुठं? आमचा संडास साधा, देशी. त्यावर भोकाची प्लास्टिकची खुर्ची ठेवायची. रात्री उठायचं, कडी काढायची, अंगण ओलांडायचं. अंगणाला दोन पायऱ्या. मग मी काय केलं असेल? संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलं. दिवसाही घोट-घोट. लग्नाकार्याला तर जाणंच सोडलं. 'बाईंना गर्व झालाय, पेन्शन मिळतीय ना,' असं गावात कुणी म्हणाल्याचंही कानावर आलं. त्यांना काय सांगणार, तुमच्या मंगल कार्यालयात कमोड नाही म्हणून मी आले नाही!

पाणी तोडल्याचं फळ मिळालं. लघवीला जळजळ, ताप. वेदनाशामक गोळ्या आधी दिवसाला एक, मग दोन, मग 'जास्त दुखलं तर' म्हणून तिसरी. पोटात आग पडायची म्हणून ॲसिडिटीची वेगळी. मेडिकलवाला ओळखीचा, न विचारता पाकीट देतो. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी मला शाळेतल्या पोरीसारखं रागावलं. दुखण्यानं माणूस मरत नाही, पण ह्या गोळ्या मूत्रपिंडाला खातात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आणि माझी जीभ. ती फार कडू झाली त्या दीड वर्षात. हे पाण्याचा तांब्या भरून आणायचे तर मी म्हणायची, "अर्धाच भरला." हे काही बोलायचे नाहीत, तांब्या घेऊन परत जायचे. आयुष्यभर मी ह्या घरातल्या सगळ्यांना हातात दिलं, आता मला मागावं लागत होतं. मागायची सवय नसलेली बाई भांडून मागते, असं माझं मत झालं आहे. एकदा नातवानं माझी नक्कल केली, हात कमरेवर, पाय फेंगडे, "आई गं, आई गं". सगळे हसले. मीही हसले आणि आत जाऊन उशीत तोंड घातलं.

सप्टेंबरात मला करोना झाला. सौम्यच, पण औषधांत स्टेरॉइड होतं आणि आधीच काठावर असलेली साखर वर गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तारीख घ्यायला गेले तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी नऊच्या वर. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या साखरेवर मी सांध्याला हात लावणार नाही. आठच्या खाली आणा." ही तारीख पुढं गेली ती माझ्या भल्यासाठी, हे मी मानते. पण साखर उतरवायला चालायला सांगतात, आणि चालायला गुडघा नाही! शेवटी फिजिओथेरपीच्या ताईंनी पलंगावर करायचे व्यायाम शिकवले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघा खाली दाबून मनात दहा अंक मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, थांबायचा, हळू खाली. वापर नसला की मांडीचा मोठा स्नायू सुकत जातो आणि ऑपरेशननंतर उभं करणारा तोच. मी रोज 'आपली आवड' ऐकल्यासारखा ठरल्या वेळी हा व्यायाम करायची. ज्यांची तारीख पुढं गेली आहे त्यांनी एवढं तरी करा, फुकट आहे.

एप्रिलपर्यंत साखर खाली आली, आणि दुसरी लाट आली. त्या वेळचं काही लिहवत नाही. माझ्या बरोबरीच्या दोन शिक्षिका पंधरा दिवसांत गेल्या. आमच्या आळीतला बत्तीस वर्षांचा मुलगा गेला. ऑक्सिजनसाठी लोक सोलापूर, लातूर, पुणे करत होते. अशा वेळी गुडघ्याचं नाव काढायची लाज वाटायची. कुणी विचारलं "कसं आहे?" तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय!" त्या महिन्यांत मी खरंच कुणावर चिडले नाही. चिडायला तरी समोर कोण होतं?

चिडले ते त्यानंतर. लाट ओसरली, दुकानं उघडली, घटस्थापनेला सात ऑक्टोबरला देवळं उघडली, लग्नं धूमधडाक्यात सुरू झाली. सगळ्यांची तारीख निघाली, माझी निघेना. फोन केला की "कळवतो." अहो, आपल्या गावच्या पिठाच्या गिरणीतसुद्धा डब्यांची रांग असते. आपला डबा कितवा ते दिसतं. इंग्लंडात म्हणे सरकारी हॉस्पिटलात उपचार सुरू व्हायला अठरा आठवड्यांची हद्द ठरवलेली आहे. ती पाळली जात नाही, २०२३ मध्ये तर तिथली यादी सत्तर लाखांच्या वर गेली होती, पण यादी आहे, मोजतात, आणि वर्तमानपत्रं सरकारला जाब विचारतात. माझ्यासारख्या वैरागच्या बाईचा नंबर कुठल्या यादीत होता? रिसेप्शनवरच्या वहीत, आणि ती वही बदलली होती.

डिसेंबर २०२१. तारीख मिळाली. नेमका एसटीचा संप. आयुष्यभर एसटीत काढलेल्या माणसाच्या बायकोला वैरागहून सोलापूरला न्यायला एसटी नाही! पन्नासेक किलोमीटर जीपमधून, पाय सरळ करायला जागा नाही. हे आदल्या रात्री बसस्टँडकडं बघून नुसते म्हणाले, "पोरांचं बरोबर आहे." संपकऱ्यांविषयी. मी काही बोलले नाही.

भरती झाले. रात्री दहापासून पोटात पाण्याचा थेंब नाही. सकाळी पायाचे केस काढले, मार्करनं गुडघ्यावर बाण काढला, हिरवा गाऊन घातला, बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढून ह्यांच्या हातात दिलं. दहा वाजले, अकरा, साडेबारा. बाहेर मुलगा बसलेला, पुण्याहून दहा दिवसांची रजा टाकून आलेला. एक वाजता सिस्टर आल्या. "मावशी, आज नाही होणार. तुमच्या मापाचं साहित्य आलंच नाही. पुढच्या आठवड्यात बघू. जेवण सांगू का?"

मी ओक्साबोक्शी रडले. चौसष्ट वर्षांची बाई, वॉर्डात सगळ्यांसमोर, गाऊनवर. २०२० मध्ये रडले नव्हते, साखरेच्या वेळी नाही. माप आधी घेतलेलं होतं. साहित्य आलं नाही हे त्यांना सकाळी आठलाच ठाऊक असणार. मग एक वाजेपर्यंत मला उपाशी का ठेवलं? कुणी येऊन पाच मिनिटं समोर बसून सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

आणि तेव्हा आमचे हे, ज्यांचा आवाज घरात कधी चढला नाही, ते काउंटरवर जाऊन म्हणाले, "मी तीस वर्षं कंडक्टर होतो. गाडी लेट असली तर मी खाली उतरून पॅसेंजरला सांगायचो, का लेट आहे आणि किती लेट आहे. शिव्या खायचो, पण सांगायचो. तुम्ही साधं सांगत नाही?" काउंटरवरचा मुलगा खाली बघत राहिला. मंगळसूत्र अजून ह्यांच्या मुठीत होतं.

घरी आल्यावर आठ दिवस मी अंथरुणातून उठले नाही. नकोच ते ऑपरेशन, असंच मरून जाऊ, इथपर्यंत आलं. बहिणीला परत पाठवलं. मुलाची रजा फुकट गेली, त्याचं त्यानं काही बोलून दाखवलं नाही पण सूनबाईच्या आवाजात मला ते ऐकू यायचं, किंवा मला तसं वाटायचं. मग एका रात्री विचार करता करता ध्यानात आलं, हॉस्पिटलनं आणि साथीनं मिळून माझं ऑपरेशन पावणेदोन वर्षं पुढं ढकललं, त्यावर मी एवढी चिडले. आणि २०१४ पासून २०२० पर्यंत सहा वर्षं ज्या बाईनं ते ढकललं, तिच्यावर मी एकदाही चिडले नव्हते. उलट तिचं मला कौतुक वाटत आलं होतं. घरासाठी किती करते बिचारी!

ते कौतुक त्या रात्री जरा कमी झालं.

दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. ह्या खेपेला वही घेऊन गेले. साहित्य आदल्या दिवशी आलं की मला फोन कराल का? रद्द झालं तर कोण सांगणार, किती वाजेपर्यंत? एकूण बिल किती, त्यात सांध्याची किंमत वेगळी दाखवाल का? फिजिओथेरपीचे पैसे त्यातच की निराळे? डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. २०२२ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आधी, माझा उजवा गुडघा बदलला. पाठीत इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळं दुखलं काही नाही, पण ठोकाठोक ऐकू येत होती, सुताराच्या दुकानात झोपल्यासारखी. दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन उभं केलं. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, खोटं कशाला सांगू. गुडघा वाकवताना डोळ्यांपुढं तारे चमकायचे. मांडी घालून खाली बसणं गेलं ते गेलंच, सत्यनारायणालाही मी खुर्चीवर. घरात कमोड बसवून घेतला, तो खरं तर दहा वर्षं आधी बसवायला हवा होता, त्याला कुठलं ऑपरेशन लागत होतं?

रात्रीचा ठणका मात्र गेला. डावा गुडघा अजून कुरकुरतो, त्याचा एक्स-रे काढून ठेवलाय. २०२३ च्या नवरात्रानंतर, गर्दी ओसरल्यावर, तुळजापूरला गेले. कठड्याला धरून, एकेक पायरी, चांगला पाय खाली की वाईट पाय खाली हे मनात घोकत. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना बरा आधी. माझ्या दोन पायांतला दुखरा कोणता यावरच माझा गोंधळ झाला, इतका उजवा बरा झाला होता. ओटी स्वतःच्या हातानं भरली.

गेल्या महिन्यात दुपारच्या मोठ्या जाऊबाई आल्या. अंगणाच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना माझ्या दाराची चौकट धरावी लागली. बसल्या, चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं. भिंतीवर नवं कालनिर्णय बघून म्हणाल्या, "ते जुनं काढलंस व्हय?" मग निघताना, उठता उठता, माझ्याकडं न बघता, "त्या डाक्टरचा लंबर हाय का गं तुझ्याकडं?"

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्यांनी तो घडी करून पदराच्या गाठीत बांधला.

"कधी जाऊ या?" मी विचारलं. "मी येते बरोबर."

"जाऊ की," त्या म्हणाल्या, "आदी नातवाचं जावळ हुंदे."